बोट दाखवणारी बॅटरी

आमच्या कर्जतात टॉर्चला टॉर्च म्हणणारा माणूस हटकून बाहेरगावचा असायचा. माथेरानला निघालेला आणि नेरळऐवजी चुकून कर्जतला उतरलेला, नाहीतर सरकारी बदलीवर आलेला. बाकी सगळ्या तालुक्याला ती 'बॅटरी'. तिच्या पोटात जातात ते सेल. उमेदीच्या काळात मी लोकांना समजावून सांगायचो, की बाबांनो, तुम्ही हातात धरता तो टॉर्च, बॅटरी वेगळी. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं, मग बॅटरीत दोन सेल टाका." शेवटी मीच सुधारलो. या लेखातही मी बॅटरीच म्हणणार आहे. संपादकांना दुरुस्त करायचं असेल तर त्यांनी खुशाल करावं, छापून आल्यावर मी काही वाचणार नाही.

दुकान बाजारपेठेत होतं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला भांड्यांना कल्हई लावणारा, मधे मी. पन्नास सालानंतर सुरू केलं आणि आता, ऐंशीचं दशक सरत आल्यावर, मुलाने त्यात घड्याळं मांडली तेव्हा बाजूला झालो. सेल विकणं, बल्ब विकणं आणि बॅटऱ्या दुरुस्त करणं हा धंदा. पुढे ट्रान्झिस्टर आले तसे तेही उघडू लागलो. स्वभाव माझा तिरसट. आमची ही म्हणायची, "माणसं तुमच्याकडे उजेड न्यायला येतात, तुम्ही त्यांना चटके कशाला देता?" आता रोज तेच तेच प्रश्न विचारल्यावर माणूस चटके देणार नाही तर काय करणार?

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की मोठ्या सेलात ताकद जास्त असते का. म्हणून ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगून टाकतो. सेल म्हणजे जस्ताचं नळकांडं. आत काळा मसाला ठासून भरलेला आणि मधोमध कोळशाची कांडी. मोठा सेल घ्या, मधला घ्या, नाहीतर पेन्सिल सेल घ्या, जोर तिघांचा सारखाच. फरक आहे तो साठ्याचा. हंड्यातलं पाणी आणि तांब्यातलं पाणी चवीला एकच, पण हंडा घराला पुरतो आणि तांब्या पाहुण्याने दोन घोटांत संपवला की झालं. मोठा सेल हा हंडा, पेन्सिल सेल हा तांब्या. अडचण एवढीच की हंडा उचलावा लागतो. ही अडचण नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

सेल संपला म्हणजे तो संपला, हे आमच्याकडे कोणी मान्य करत नसे. सेल मेला तर त्याला शेक द्यायचा, अशी पद्धत. घरोघरी चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या त्या गरम जागेवर, सेल ओळीने मांडून ठेवलेले असायचे. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ऊब मिळाली की मेलेला सेल थोडा वेळ डोळे उघडतो. पण थोडाच वेळ. कळंबचा एक गृहस्थ एकदा तणतणत दुकानात आला.

"भाऊ, तुज्या सेलानं आमटी नासली."

"आमटीत सेल कोणी टाकला?"

"कुणी नाय टाकला. त्यानंच उडी मारली."

वैलावर ठेवलेला सेल तापून फुटला आणि मसाल्यासकट शेजारच्या भांड्यात गेला. आमटी काळी झाली. मी त्याला म्हटलं की सेल मी विकला, आमटी नाही. यावर त्याने माझ्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं, पण सेल माझ्याकडूनच न्यायचा. शिंप्याला मधे घालून मागायचा. "ह्यांना सांगा, दोन मोठे द्या." शिंपी मला सांगायचा, मी काढून द्यायचो.

दुसरी पद्धत एक नवा आणि एक जुना सेल घालायची. किती वेळा सांगितलं असेल, की थकलेला बैल आणि ताजा बैल एका जुवाला जोडलात तर ताजाही थकतो. शेतकरी माणसं, त्यांना हे पटायला हवं होतं. पटायचंही. "बराबर हाय तुमचं," म्हणायचे आणि एकच सेल घेऊन जायचे.

डोंगराखालच्या वाडीतला बुधा ठाकर मात्र वेगळा. तो खेकडे धरायला बॅटरी वापरायचा. काम झालं की दोनातला एक सेल उलटा करून ठेवायचा, म्हणजे झोळीत बटण दाबलं गेलं तरी बॅटरी पेटायची नाही. त्याचे सेल सगळ्यांत जास्त टिकायचे. मी पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला ही युक्ती सांगू लागलो. बऱ्याच जणांनी ती केली आणि मग परत सुलटा करायचं विसरून बॅटरी बिघडली म्हणून माझ्याकडेच घेऊन आले.

आता मुकादमांचं सांगतो. खरं म्हणजे लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आहे. आमटीचं वगैरे सांगून हात साफ करून घेतला इतकंच.

गोविंद मुकादम भिसेगावचे. रेल्वेत घाटातल्या रुळांवर काम करणारी टोळी असते, तिचे ते मुकादम होते. उभा जन्म माणसांना हाका मारण्यात गेला. एका वळणावरून दिलेला हुकूम पुढच्या वळणावरच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे, अशी नोकरी. त्यामुळे ते माझ्याशी फळीपलीकडून बोलले तरी शेजारचा शिंपी मशीन थांबवायचा. "ए भाऊ, ताजा दे रं. मागल्या येळचा बुळबुळीत होता." मग प्रत्येक सेल हातात घेऊन त्याचं बूड नखाने दाबून बघणार, वास घेणार, कानाशी हलवणार. कानाशी हलवून सेलाचं काय कळतं ते मला आजवर समजलेलं नाही. पण असं गिऱ्हाईक मला आवडायचं. निदान त्याला वस्तूची पर्वा असते.

निवृत्त झाल्यावर ते भातशेती बघू लागले. मग एक दिवस कानावर आलं की मुकादमांच्या अंगावरून वारं गेलं. लकव्याला आमच्याकडे असंच म्हणतात. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ऐकून मला वाईट वाटलं. भेटायला जाऊन येऊ म्हटलं, पण अशा माणसासमोर बसून बोलायचं काय, या विचाराने राहून गेलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांची बायको, ताराबाय, दुकानात आली. किडकिडीत बाई, मुकादमांच्या आवाजाखाली जन्म गेल्यामुळे की काय, अगदी हळू बोलायची. पदराखालून तिने मुकादमांची तीन सेलांची लांबलचक बॅटरी काढून फळीवर ठेवली.

"भाऊ, ही हलकी करून देता का?"

मी म्हटलं, "वहिनी, बॅटरी आहे ती, पोतं नाही. हलकी कशी करणार?"

ती बॅटरीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग मलाच कसंसं झालं, मी तिला विचारलं की नेमकं काय हवंय.

तिने सांगितलं ते असं. मुकादमांना सगळं कळत होतं. कोण आलं, कोण गेलं, भात लावून झालं की नाही, सगळं. पण तोंडातून शब्द येत नव्हता. डाव्या हातात थोडा जीव होता, तो उचलून ते बोट दाखवायचे. बोट थरथरायचं. खाटेवरून ते नक्की कशाकडे जातंय ते समजायचं नाही. ती पाणी आणून द्यायची तर हवी असायची चादर, चादर घातली तर हवं असायचं भलतंच. मग ते संतापायचे. एक दिवस त्यांनी उशाची बॅटरी ओढून घेतली, कशीबशी पेटवली आणि उजेड माठावर टाकला. तिला एकदम उमगलं. तिने पाणी दिलं आणि ते घटाघटा प्यायले.

"त्या दिवशी जेवले पण," ती म्हणाली. "पण बॅटरी जड. हातातून सुटली नि छातीवर पडली. आता उचलतच नायत. उजेडबी एवढा मोठा पडतो, निम्मी भिंत उजळती. माठ का मडकं का खुंटी, काय समजायचं? कालपासून ताट सरकवून देत्यात. डॉक्टर म्हणतो, असंच राह्यलं तर कठीण हाय." मग म्हणाली, "माणूस आत शाबूत हाय भाऊ. बाहेर कुणाला ठावं नाय."

मी बॅटरी ठेवून घेतली. खरं सांगायचं तर माझ्या धंद्यात माझ्याकडे कोणी असं काही मागितलं नव्हतं. लोक म्हणायचे, लांब पडला पाहिजे, लख्ख पडला पाहिजे. छोटा पडला पाहिजे आणि हातात जडभार लागता कामा नये, असं म्हणणारी ही पहिलीच.

छोट्या उजेडाचं काम सोपं निघालं. डॉक्टर लोक घसा बघायला जी पेनाएवढी बॅटरी वापरतात तिचा बल्ब टोकाला भिंगासारखा फुगीर असतो. त्याचा उजेड फाकत नाही. माथेरानचा एक पाहुणा दुर्बीण दुरुस्तीला टाकून गेला होता, तो परत आलाच नाही. तिचं एक भिंग शाबूत होतं. काळ्या कागदाची नळी करून एका टोकाला बल्ब, दुसऱ्या टोकाला ते भिंग बसवलं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर रुपयाएवढा नेमका ठिपका पडला. शिंपी बघायला आला. त्याने त्याच्या टांगलेल्या सदऱ्याच्या बटणांवर एकेक करून उजेड टाकून बघितला आणि म्हणाला, "झ्याक." शिंप्याकडून एवढं म्हणजे फारच.

घोडं अडलं ते सेलांपाशी. पेन्सिल सेल घातले तर वजन काहीच नाही, मुकादमांना दोन बोटांत धरता आलं. ते बघून ताराबाय रडायलाच लागली. पण तांब्याचं पाणी ते. त्यांना बोलायचं होतं महिन्याभराचं. सकाळी दिलेले सेल दुपारी पिवळे पडले. ठिपका माठापर्यंत पोचेना. मुकादमांनी ती वस्तू अशी भिरकावली की भिंग वाचलं हे नशीब. दुसऱ्या दिवशी ताराबाय परत दुकानात.

"नवे सेल द्या."

"रोज कुठून आणणार आहात वहिनी?"

"आणीन की."

ती आणणार होती, यात मला शंका नव्हती. पण सेल संपायची वेळ काही तिला कळणार नव्हती. माणूस काहीतरी सांगत असताना मधेच उजेड विझणार, आणि तो पुन्हा मुका होणार. हे रोज व्हायला लागलं तर तो किती दिवस धीर धरणार? मी मधले सेल घालून पाहिले. ते टिकले बऱ्यापैकी, पण हात दुखून खाली यायला लागला. मोठ्यांचा प्रश्नच नव्हता.

मुकादमांचा मुलगा, वसंत, कल्याणला कारखान्यात होता. रविवारी घरी यायचा. मुलगा चांगला, फक्त त्याला दर गोष्टीत पुढची पायरी दिसायची. तो कुठूनतरी मोटारसायकलची बॅटरी घेऊन आला. आता ही खरी बॅटरी हं, तेजाब भरलेली. "काका, ही महिनाभर हलायची नाही. परत चार्ज करता येते." मी म्हटलं, "बाबा रे, हिच्यातला एक थेंब चादरीवर पडला तर चादरीला भोक, आणि तुझ्या वडिलांना कातडीवर पडलेलं सांगताही यायचं नाही." तो थोडा ओशाळला. ती बॅटरी पुढे त्याने ट्रान्झिस्टरला लावायचा प्रयत्न केला आणि ट्रान्झिस्टर माझ्याकडे दुरुस्तीला आला, ते वेगळं.

मग माझ्या डोक्यात साधी गोष्ट आली, इतकी साधी की आधी सुचली नाही म्हणून मी स्वतःवरच वैतागलो. हंडा उचलायचाच कशाला? हंडा जमिनीवर राहू दे, नळी लांब कर. दोन मोठे सेल लाकडी डबीत बसवले आणि ती डबी शिंप्याने शिवलेल्या पिशवीत घालून खाटेच्या पायथ्याशी टांगली. तिथून वायर हातातल्या नळीपर्यंत. आधी वायर बारीक घेतली तर तेवढ्या अंतरातच उजेड मेला, ठिपका तांबडा दिसायला लागला. जाड घेतली तर ती हाताला खाली ओढायची. मग पिशवी खाटेच्या पायथ्याकडून काढून त्यांच्या कोपरापाशी आणली, वायर आखूड केली आणि मधल्या जाडीची घेतली. बॅटरीचं नेहमीचं सरकवायचं बटण त्यांना सरकत नव्हतं. दारावरच्या घंटीचं दाबायचं बटण बसवलं, त्यातली पट्टी घासून इतकी नरम केली की बोट ठेवलं की पेटेल आणि उचललं की विझेल.

हे सगळं जमायला बरेच दिवस लागले. दर वेळी मी सायकलवरून भिसेगावला जायचो, मुकादमांच्या हातात वस्तू द्यायचो आणि ते ती वापरून बघायचे. नापसंत पडली की माझ्या तोंडावर उजेड टाकायचे. त्या काळात मला त्यांचा राग यायचा आणि बरंही वाटायचं. सेलाचं बूड नखाने दाबून बघणारा माणूस आत तसाच होता. शेवटची नळी दिली तेव्हा त्यांनी माठावर उजेड टाकला, मग खुंटीवर, मग खिडकीवर, मग पुन्हा माठावर. माझ्या तोंडावर टाकला नाही.

त्या रात्रीपासून ते नीट जेवायला लागले, असं ताराबायने मला सांगितलं. डॉक्टरही म्हणाला, तब्येत धरतेय.

वसंतने यातही पुढची पायरी काढलीच. तो म्हणाला, वस्तू कशाला दाखवायच्या, अक्षरं दाखवू दे. बाबांना वाचता येतं. त्याने बाराखडीचा मोठा तक्ता आणून समोरच्या भिंतीला लावला. रविवारी तो पाटी घेऊन बसला आणि मुकादम एकेका अक्षरावर ठिपका टाकत गेले. काय काय बोलले ते. बांध कोणी फोडला, पेंढा कुठे रचायचा, कोणत्या सुताराला बोलवू नये. हुकूमच सगळे. वसंत खूश, मीही खूश. सोमवारी वसंत कल्याणला गेला.

ताराबायला एकही अक्षर येत नव्हतं. हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण तक्ता लावताना कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मुकादम अक्षरांवर ठिपका फिरवायचे आणि ती हात जोडल्यासारखी उभी. शेजारून कोणी वाचणारं शोधून आणेपर्यंत त्यांचा पारा चढलेला असायचा. "रविवारी बोलतात, सोमवारपासून परत मुके," ती मला म्हणाली. वसंतने तिला अक्षरं शिकवायला घेतली. "मला सगळी सारखीच दिसत्यात," म्हणाली. "नि शिकंपर्यंत ह्यांनी उपाशी राह्यचं का?"

मग तिने जे केलं ते तिचं तिनेच केलं, कोणाला विचारलं नाही. तक्ता काढून गुंडाळून माळ्यावर टाकला आणि त्या भिंतीवर खिळे ठोकून घरातल्या वस्तू टांगल्या. तांब्या, कंगवा, धुतलेला सदरा, घोंगडी, छत्री, तंबाखूची चंची, भात कापायचा विळा, आणि मुकादमांची रेल्वेतली शिट्टी. विळ्यावर उजेड पडला की शेतावरची बातमी सांगायची. शिट्टीवर पडला की टोळीतल्या जुन्या कोणाला तरी बोलावणं धाडायचं. छत्रीवर पडला की बाहेर आभाळ कसं आहे ते बघून यायचं. ठिपका दोनदा लुकलुकला म्हणजे लवकर. मी गेलो तेव्हा तिने मला सगळं एकेक करून दाखवलं, आणि मुकादम खाटेवरून तिच्या बोलण्याबरोबर ठिपका फिरवत होते, मास्तर छडी फिरवतात तसा. मला हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं की तेही हसतायत. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होते.

धंद्यात मी हजारो बॅटऱ्या दुरुस्त केल्या असतील. आता प्लास्टिकच्या येतात, बिघडली की फेकून द्यायची. मुलगा म्हणतो, बाबा, दुरुस्तीत वेळ घालवायचे दिवस गेले. गेले असतील. मला मात्र हळहळ वाटते, कारण वस्तू फेकून दिली की ती आणणाऱ्या माणसाशी बोलायचं कारणच राहत नाही. ताराबाय दुकानात आली नसती तर मी मुकादमांकडे कधीच गेलो नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी ताराबाय पुन्हा दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"भाऊ, मशीन बिघडलं."

"पेटत नाही का?"

"पेटतंय. पण सारखं एकाच जागी जातंय. काय दाखवतात ते उमजत नाय. काल रात्री जेवले नायत, आज सकाळची पेजबी नाय घेतली. परत पयल्यासारखं झालं."

मी दुकान शिंप्याच्या भरवशावर टाकलं, पिशवीत पक्कड, पेचकस, ताजे सेल, एक बल्ब घेतला आणि निघालो.

मुकादम खाटेवर होते. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे हा कशाला आला, असं. मी सेल तपासले, चांगले होते. बल्ब ठीक. वायर कुठे तुटलेली नाही. भिंग जागेवर. बटण दाबून पाहिलं, भिंतीवर ठिपका लख्ख पडला. नळी त्यांच्या हातात परत दिली.

त्यांनी लगेच ठिपका टाकला तो एका खुर्चीवर. लोखंडी, घडीची खुर्ची. भेटायला येणाऱ्यांसाठी वसंतने कल्याणहून आणली होती, खाटेच्या शेजारी मांडलेली होती.

"हेच," ताराबाय म्हणाली. "कालपासून हेच. मी पुसली. मिटवून बाजूला ठेवली तर भडकले. परत मांडली. ह्यांना उठून बसायचं आसंल म्हणून शेजाऱ्याला बोलावलं, तर त्याच्या तोंडावर उजेड. सदरा टांगला तिच्यावर, म्हटलं सदरा पायजे आसंल. टोळीतला सखाराम आला, तो बसला, तर त्याला उठवलंनी. काय करू सांगा."

मी स्वतः खुर्चीवर बसून बघितलं. उजेड माझ्या तोंडावर. उठलो. उजेड खुर्चीवर. मग तो हळूहळू सरकत जमिनीवरून पुढे गेला आणि दाराशी उभ्या असलेल्या ताराबायच्या पायांवर थांबला. परत खुर्चीवर. परत तिच्या पायांवर.

मला तेव्हा समजलं. तुम्हालाही समजलं असेल, पण आमच्याकडची रीत माहीत नसेल तर एवढं सांगायला हवं. तिच्या वयाची बाई नवऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे. बसली तर खाली, भिंतीला टेकून, नाहीतर उंबऱ्याशी. मुकादमांच्या घरात तर नाहीच नाही, त्यांचा स्वभाव ठाऊक असलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. ताराबाय इतके महिने त्यांची सेवा करत होती ती उभ्याने. दमली की खाटेला टेकून जमिनीवर बसायची. आणि मुकादमांना मान खाली वाकवून बघता येत नव्हतं. ती खाली बसली की ती त्यांना दिसायचीच नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मशीन बरोबर आहे. तुम्ही बसा."

"मी बसते की खाली."

"खाली नाही. खुर्चीवर."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोललो होतो. "ह्यांच्यासमोर? काय भाऊ, कायतरीच." पदर पुढे ओढून ती आत जायला निघाली. ठिपका तिच्या मागे गेला आणि तिच्या टाचांवर दोनदा लुकलुकला.

ती थांबली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग ती आली, खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, अंग चोरून, कोणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता येईल अशी. हात मांडीवर. नजर जमिनीकडे.

उजेड विझला.

इतक्या दिवसांची सवय, मला वाटलं वायर सुटली. मी खाटेवर वाकून बघितलं. वायर जागेवर होती. मुकादमांनी बोट बटणावरून उचललं होतं आणि नळी छातीवर ठेवून ते तिच्याकडे बघत होते.

"आता काय दाखवतात?" ताराबायने मान वर न करता विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही वहिनी. आता त्यांना काही नकोय."

तिने हळूच मागे सरकून खुर्चीला पाठ टेकली आणि नीट बसली.